पाच जुनी डोमेनं एका पत्त्यावर वळवली: तीन सर्व्हिस वापरून बघितल्या, त्यांचा रिव्ह्यू

आमची सायकल दुरुस्तीची माहिती देणारी एक छोटी साइट आहे, मी आणि एक मित्र मिळून चालवतो, आणि बघता बघता तिच्या नावावर सहा डोमेनं जमा झाली. पहिलं ते लांबलचक नावाचं डॉट ऑर्ग, ज्याच्यावर साइट सुरू झाली. मग त्याचंच मध्ये हायफन घातलेलं रूप. मग डॉट नेट. मग लोक एक अक्षर चुकवून टाइप करतात ते चुकीचं स्पेलिंग, तेही घेऊन ठेवलं कारण दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर त्रास झाला असता. मित्राची गिअरबद्दल एक वेगळी साइट होती ती आमच्यात मिळवून टाकली, तिचं डोमेन पाचवं. आणि शेवटी एक छोटं सुटसुटीत डॉट कॉम मिळालं, आता तेच मुख्य.

काम ऐकायला एवढंसं, की बाकीच्या पाचांपैकी कुठलाही पत्ता कुणी टाकला तरी तो माणूस मुख्य साइटवर पोचला पाहिजे, आणि नुसता साइटवर नाही तर ज्या पानाची लिंक त्याच्याकडे आहे त्याच पानावर. हे दुसरं वाक्य नीट वाचा, कारण मी ज्या सर्व्हिस वापरल्या त्यातला सगळा फरक तिथेच आहे. आम्ही एक छापील पुस्तिका काढली होती, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी क्यूआर कोड, आणि ते सगळे कोड जुन्या डॉट ऑर्गचे. छापलेला कागद काही अपडेट करता येत नाही. कुणीतरी हाताला ग्रीस लागलेलं असताना, चेन अर्धी काढून ठेवलेली असताना तो कोड स्कॅन करणार, त्याला तेव्हा चेनचंच पान दिसायला हवं, आमचं होम पेज बघून तो काय करणार.

आधी ज्याच्याकडून डोमेनं घेतली होती त्या कंपनीचं फॉरवर्डिंग वापरलं. नाव घेत नाही, कारण अशीच सोय बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने असते आणि तुमच्याकडे ती चांगलीही असू शकेल. वेगळे पैसे नाहीत, डोमेनच्या सेटिंगमध्ये एक चौकोन, त्यात नवा पत्ता टाकायचा, सेव्ह करायचं, झालं. पाचही डोमेनं दहा मिनिटांत उरकली. मी लगेच ब्राउझरमध्ये जुनं नाव टाइप केलं, क्षणात मुख्य साइट उघडली, मित्राला मेसेज टाकला की काम झालं.

मग चार दिवसांनी एका वाचकाची मेल आली की पुस्तिकेतला कोड स्कॅन केला की ब्राउझर लाल पान दाखवतो, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. मी परत टाइप करून बघितलं, व्यवस्थित चालतंय. त्याला तसं कळवलं, त्याने स्क्रीनशॉट पाठवला. मग पुस्तिका काढून स्वतः स्कॅन केलं तेव्हा मलाही तेच लाल पान दिसलं. टाइप केलं तर चालतं आणि स्कॅन केलं तर चालत नाही, असं कसं होऊ शकतं यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

तर ते असं होतं. त्या फॉरवर्डिंग सर्व्हरकडे आमच्या जुन्या डोमेनच्या नावाचं सर्टिफिकेटच नव्हतं, म्हणजे हा सर्व्हर खरंच या नावाचा आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला. साधं एचटीटीपी चालत होतं, एचटीटीपीएस म्हणजे त्याचं सुरक्षित रूप नाही. क्रोम २०२१ पासून, म्हणजे आवृत्ती ९० पासून, टाइप केलेल्या नावाला आधी एचटीटीपीएस लावून बघतो, आणि ते नाही जमलं तर आपणहून एचटीटीपीवर परत येतो, म्हणून मी टाइप केल्यावर सगळं ठीक दिसायचं. पण क्यूआर कोडमध्ये पत्ता पूर्ण लिहिलेला होता, एचटीटीपीएस धरून, आणि पत्त्यातच तसं सांगितलेलं असेल तर ब्राउझर मागे हटत नाही, सरळ इशारा देतो. बरोबरच आहे त्याचं.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो, माझाही होता, की नव्या साइटला सर्टिफिकेट आहे ना मग झालं. नाही. एचटीटीपीएसवर जोडणी होताना ब्राउझर आधी ज्या नावाने आलाय त्या नावाचं सर्टिफिकेट तपासतो, ती तपासणी पार पडल्याशिवाय पानाची मागणीसुद्धा पुढे जात नाही. 'तिकडे जा' हा निरोप त्या मागणीचं उत्तर म्हणून येतो. म्हणजे जुन्या नावाचं सर्टिफिकेट नसेल तर निरोप द्यायची वेळच येत नाही, माणूस दारातच अडतो. नुसतं पुढे पाठवण्यापुरतं ठेवलेलं डोमेन असलं तरी त्याला स्वतःचं सर्टिफिकेट लागतंच, पाच डोमेनं तर पाच, आणि प्रत्येकाचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव धरून दहा नावं.

मित्राच्या गिअरच्या साइटचं तर अजून वाईट झालं. त्याने तिथे एचएसटीएस चालू ठेवलं होतं, म्हणजे साइट ब्राउझरला सांगून ठेवते की माझ्याकडे यायचं तर फक्त एचटीटीपीएसनेच, आणि मुदत त्याने वर्षभराची दिली होती. जे लोक आधी त्याच्या साइटवर येऊन गेले होते त्यांच्या ब्राउझरने ते लक्षात ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना ना एचटीटीपीवर जाता येत होतं ना इशारा ओलांडून पुढे जायचं बटण दिसत होतं. म्हणजे नेमके त्याचे जुने, नेहमीचे वाचकच बाहेर राहिले. नवीन माणूस येत होता, जुना नाही. मित्राला हे फार लागलं, आणि लागणारच, त्याने ती साइट कितीतरी वर्षं एकट्याने सांभाळलेली.

कंपनीच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा, तिच्यातले बदल पसरायला २४ ते ४८ तास लागतात, थांबा. मी लिहिलं की डीएनएस बरोबर आहे, सर्टिफिकेट नाहीये. परत तेच उत्तर, दुसऱ्या माणसाकडून. तिसऱ्या वेळी मान्य केलं की या सोयीत एचटीटीपीएस येत नाही. हे पहिल्या दिवशी त्या चौकोनाच्या शेजारी एका ओळीत लिहिलं असतं तर वाचकांचा आणि आमचा एवढा वेळ वाचला असता, मला याचा खरंच राग आहे, कारण ज्याला आतलं माहीत नाही तो दुकानदार किंवा शिक्षक किंवा कुणीही माणूस हा चौकोन भरून निश्चिंत बसणार आणि त्याला कधी कळणारही नाही की त्याच्या दारातून लोक परत जातायत.

बाकीचे दोष पटापट सांगतो. एक, पान हरवायचं. जुन्या पत्त्यामागे काहीही असो, सगळे थेट होम पेजवर. गूगल तर स्पष्ट सांगतं की सगळी जुनी पानं सरसकट होम पेजवर पाठवली तर त्यांना सॉफ्ट ४०४ धरलं जाऊ शकतं, म्हणजे पान नाहीच असं समजलं जातं. दोन, प्रकार निवडायला पर्मनंट आणि टेम्पररी असे दोन पर्याय होते आणि आधीपासून निवडलेला होता टेम्पररी, ज्यात सर्व्हर उत्तरात ३०२ हा आकडा पाठवतो. कायमचं घर बदललं असेल तर पर्मनंट, म्हणजे ३०१ पाहिजे, सर्च इंजिन त्यालाच ठाम इशारा समजतं की आता खरा पत्ता हा.

आणि तीन, मास्किंग नावाचा एक पर्याय, ज्यात वरच्या पट्टीत जुनंच नाव दिसत राहतं आणि आत साइट नवी. ऐकायला छान वाटतं, बऱ्याच जणांना मोह होतो. पण ते रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळवणं, नाहीच, एका रिकाम्या पानात फ्रेम टाकून तुमची साइट आत दाखवतात. आतल्या कुठल्याही पानावर गेलं तरी वरचा पत्ता हलत नाही, म्हणजे कुणाला लिंक पाठवायची तर ती होम पेजचीच जाते, मोबाइलवर पान भलत्या मापाचं दिसू शकतं, लॉगिन असेल तर कुकीचे घोळ होतात. हे वापरू नका. पाचपैकी दीड स्टार देतो, तो दीडही एवढ्यासाठी की साध्या एचटीटीपीवर ते चालत होतं.

दुसरा प्रयोग होस्टिंगच्या पॅनेलमधला. तिथे डोमेन एलियस म्हणून जोडता येतं, काही ठिकाणी त्याला पार्क केलेलं डोमेन म्हणतात. जोडलं, सर्टिफिकेटही पॅनेलने आपणहून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं काढून दिलं, क्यूआर कोड स्कॅन केला तर थेट चेनचं पान, मी खूश. पण वरच्या पट्टीत पत्ता जुनाच राहिला. म्हणजे वळवलं काहीच नाही, तीच साइट सहा नावांनी सहा ठिकाणी उघडायला लागली. लोक सहा वेगवेगळ्या लिंका एकमेकांना पाठवणार, भेटींचा हिशोब सहा ठिकाणी वाटला जाणार, आणि सर्च इंजिनला एकाच मजकुराच्या सहा प्रती दिसणार. कॅनॉनिकल टॅग टाकून सांगता येतं की मूळ पान कुठलं, २००९ पासून ती सोय आहे, पण तो सर्च इंजिनसाठीचा इशारा झाला, माणूस जिथे आहे तिथेच राहतो. एलियस जोडल्यावर त्याच्यावर वेगळा रीडायरेक्टचा नियम लिहावाच लागतो, हे पॅनेल सांगत नाही. याला स्टार देत नाही, कारण आपल्याला हवी होती ती वस्तूच ही नव्हे.

आता तिसरी, जी शेवटी ठेवली. क्लाउडफ्लेअर. इथे जरा निवांत लिहितो.

कल्पना अशी की जुन्या डोमेनचं डीएनएस त्यांच्याकडे न्यायचं, म्हणजे डोमेन जिथून घेतलंय तिथेच राहतं, फक्त नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचं डीएनएस सांभाळणारे सर्व्हर, बदलायचे. मग त्या नावावर येणारी प्रत्येक मागणी आधी त्यांच्या सर्व्हरवर येते आणि ते तिथूनच ३०१ देऊन पाठवतात. मागे आपला कुठलाही सर्व्हर लागत नाही. सर्टिफिकेट ते स्वतः काढतात आणि मुदत संपायच्या आत नवं करतात, ही फुकट सर्टिफिकेटची सोय त्यांच्याकडे २०१४ पासून आहे, मूळ नाव आणि त्याच्या आधीची एक पायरी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वगैरे, यात येतं. दोन पायऱ्यांचं सबडोमेन असेल तर ते यात येत नाही, ते लक्षात ठेवा. आमच्यासारख्या कामाला फुकटचा प्लॅन पुरला.

एक गोष्ट मला फार आवडली ती सांगतो. मागे सर्व्हरच नाही तर डीएनएसच्या ए रेकॉर्डमध्ये, म्हणजे या नावाचा सर्व्हर कुठला ते सांगणाऱ्या ओळीत, आयपी म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता काय टाकायचा? तर १९२.०.२.१ टाकायचा. हा पत्ता जगात कुणालाच दिलेला नाही, २०१० च्या एका आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजात, हा अख्खा गट फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलाय. शेजारचा ढग केशरी ठेवायचा, म्हणजे प्रॉक्सी चालू. ढग करडा राहिला तर मागणी त्यांच्याकडे न येता थेट त्या अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जाते आणि ब्राउझर नुसता फिरत बसतो. माझं एका डोमेनच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं असंच राहिलं होतं, मूळ नाव चालायचं आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की नाही. दोन्ही रेकॉर्ड करा, दोन्ही ढग केशरी करा.

मग नियम. एका डोमेनसाठी सिंगल रीडायरेक्ट पुरतं, पण आमच्यासारखी अनेक डोमेनं असतील तर बल्क रीडायरेक्ट बघा, कारण ते अकाउंटच्या पातळीवर चालतं, एकच यादी, त्यात प्रत्येक जुन्या डोमेनची एक ओळ, समोर मुख्य पत्ता. प्रत्येक ओळीला चार टिक असतात आणि सगळी मेख त्या चार टिकांत आहे. सबडोमेन धरायचे का, आतली पानं धरायची का, मागचा मार्ग जसाच्या तसा जोडायचा का, आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग म्हणजे क्वेरी स्ट्रिंग सांभाळायची का. आम्ही चारही केल्या. तिसरी टिक नसेल तर परत तेच, सगळे होम पेजवर. चौथी नसेल तर क्यूआर कोडमध्ये कुठल्या प्रकरणावरून आला हे कळायला जे शेपूट लावलेलं असतं ते गळून पडतं. यादी केली की काम संपत नाही, त्या यादीला चालू करणारा एक नियम वेगळा करावा लागतो, तो केला नाही तर यादी नुसती पडून राहते.

मर्यादा पण आहे. बल्कमध्ये पत्त्यातला तुकडा बदलण्याचे हिशोब करता येत नाहीत. मित्राच्या गिअरच्या साइटची पानं आमच्याकडे 'गिअर' नावाच्या विभागात आली होती आणि काहींची नावंही बदलली होती. विभागाचं नाव तर समोरच्या पत्त्यातच लिहिता येतं, ते झालं. पण नावं बदललेली पानं एकेक ओळ करून लिहावी लागली, जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे, आम्ही दोघं दोन रात्री बसलो त्याला. त्याला प्रत्येक लेख कुठला कुठे गेला ते तोंडपाठ होतं. एक लेख, फ्रीव्हील काढायच्या अवजारांवरचा, आम्ही आणायचाच विसरलो होतो, तो या यादीमुळे सापडला.

नेमसर्व्हर बदलताना दोन गोष्टींची काळजी घ्या, या कुठल्याही सर्व्हिसला लागू आहेत. पहिली म्हणजे मेल. वेबसाइट वळवली म्हणून मेल वळत नाही, ते डीएनएसमधल्या एमएक्स रेकॉर्डवर, म्हणजे मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या ओळीवर, चालतं, आणि नेमसर्व्हर बदलले की जुने रेकॉर्ड आपोआप बरोबर येतील असं धरून चालू नका, नवीन ठिकाणी ओळ न ओळ ताडून बघा. डॉट ऑर्गवर आमचा संपर्काचा पत्ता होता. दुसरी गोष्ट डीएनएससेक, म्हणजे डीएनएसचं उत्तर खरं आहे हे डिजिटल सहीने पटवायची सोय. ते चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी डोमेन जिथून घेतलंय तिथला डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीची नोंद, काढून टाका आणि थोडा वेळ जाऊ द्या. नाहीतर जुनी सही आणि नवे सर्व्हर जुळत नाहीत आणि सही तपासणाऱ्या सगळ्यांसाठी डोमेन गायब होतं, साइटही नाही आणि मेलही नाही. आमचं डॉट नेट असं अर्धा दिवस गायब होतं, चूक माझी, मी हे वाचलं होतं तरी राहून गेलं.

मुख्य साइटपण क्लाउडफ्लेअरच्या मागे ठेवणार असाल तर एसएसएलचा मोड, म्हणजे ते तुमच्या सर्व्हरशी कसे बोलतात ती सेटिंग, फ्लेक्सिबल ठेवू नका. त्यात ते तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतात, तुमचा सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, ते परत एचटीटीपीनेच येतात, आणि ही फेरी संपतच नाही, शेवटी ब्राउझर सांगतो की फार वेळा रीडायरेक्ट झालं. फुल स्ट्रिक्ट ठेवा.

तर क्लाउडफ्लेअरला साडेचार स्टार. अर्धा कापला कारण पहिल्यांदा येणाऱ्याला सिंगल, बल्क, जुने पेज रूल यातलं नेमकं काय घ्यायचं हे कळायला वेळ लागतो, आणि ज्याचं एकच डोमेन आहे त्याने एवढ्यासाठी अख्खं डीएनएस हलवावं का हा प्रश्न रास्त आहे.

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे त्यांनी हे सगळं तिथेच करावं, कुणावर अवलंबून राहायची गरजच नाही. एन्जिनेक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नावांचा एक वेगळा सर्व्हर ब्लॉक आणि त्यात एक ओळ, रिटर्न ३०१, पुढे मुख्य पत्ता आणि त्याला चिकटून मागणीचा मूळ मार्ग सांभाळणारं व्हेरिएबल, बास. लेट्स एन्क्रिप्टच्या एका सर्टिफिकेटमध्ये १०० नावांपर्यंत जागा असते त्यामुळे आमची दहा सहज बसतात. कॅडी हा वेब सर्व्हर वापरत असाल तर सर्टिफिकेटचंही बघावं लागत नाही, ते आपोआप काढतं. फक्त एक, अपाची या वेब सर्व्हरची रीडायरेक्ट ओळ आणि कॅडीची रीडिर ओळ, दोन्ही आकडा सांगितला नाही तर ३०२ देतात, म्हणून पर्मनंट हा शब्द स्वतः लिहा.

बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं डीएनएसमध्येच का नाही होत, सीनेम, म्हणजे हे नाव त्या नावाचंच दुसरं रूप असं सांगणारा रेकॉर्ड, टाकला की झालं की. नाही होत. डीएनएस फक्त नावाचा आयपी सांगतो, ब्राउझरच्या पट्टीतलं नाव त्याने बदलत नाही, आणि सर्व्हरला जुनं नाव ओळखीचं नसेल तर तो भलतंच पान दाखवेल. शिवाय मूळ डोमेनवर सीनेम ठेवताच येत नाही, कारण जिथे सीनेम आहे तिथे दुसरा कुठलाच रेकॉर्ड नको हा १९८७ पासूनचा नियम आहे आणि मूळ डोमेनवर एनएस आणि एसओए हे दोन आवश्यक रेकॉर्ड तर असतातच.

आता तपासायचं कसं, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली होती. ब्राउझरवर विश्वास ठेवू नका. तो ३०१ लक्षात ठेवतो, आणि मुदत सांगितली नसेल तर पुष्कळ दिवस लक्षात ठेवतो, तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केली तरी तुम्हाला जुनंच दाखवत बसतो. म्हणून पहिले दोन दिवस ३०२ ठेवा, सगळं नीट चालतंय बघा, मग ३०१ करा. आणि तपासायला टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कर्ल ही कमांड घ्या, डॅश आणि मोठा आय लावून जुना पूर्ण पत्ता द्या, होम पेजचा नाही, आतल्या एखाद्या पानाचा. उत्तरात पहिल्या ओळीत आकडा दिसतो आणि लोकेशनच्या ओळीत कुठे पाठवतोय ते. प्रत्येक डोमेन चार प्रकारे तपासा, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. आमची पाच डोमेनं म्हणजे वीस तपासण्या, एक छोटी फाइल करून ठेवली, महिन्यातून एकदा चालवतो.

कर्लमुळेच कळलं की हायफनवालं डोमेन आधी डॉट ऑर्गवर जात होतं, ते एचटीटीपीएसवर, ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, आणि मग मुख्य साइट. चार उड्या. ब्राउझरमध्ये काहीच जाणवत नाही, पण कमजोर नेटवर मोबाइलला प्रत्येक नवं नाव म्हणजे परत डीएनएस, परत जोडणी, परत सर्टिफिकेट. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत येतो, पण त्यांचंच म्हणणं आहे की शक्यतो सरळ शेवटच्या पत्त्यावरच पाठवा. आता आमची प्रत्येक ओळ थेट मुख्य पत्त्यावर जाते.

एक प्रकार शेवटपर्यंत लक्षात येत नव्हता. एका सायकल क्लबच्या साइटवर आमचा नाव नोंदवायचा फॉर्म लावलेला होता आणि तो डॉट ऑर्गवर जमा व्हायचा. वळवल्यापासून नोंदण्या येईनात, फॉर्म भरणाऱ्याला आमचं पान व्यवस्थित दिसायचं, आमच्याकडे मात्र काहीच नाही. कारण ३०१ आलं की ब्राउझर पोस्टचं, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्या मागणीचं, गेट म्हणजे नुसतं पान मागणारी मागणी करून टाकतात, भरलेला मजकूर मागेच राहतो. यासाठीच ३०८ आहे, तेही कायमचंच, पण पद्धत आणि मजकूर दोन्ही जसंच्या तसं पुढे नेतं. त्या एका पत्त्याला ३०८ लावलं आणि त्याच दिवशी नोंदणी आली. तुमच्या जुन्या डोमेनवर कुठलंही ॲप किंवा फॉर्म काही पाठवत असेल तर हे आधीच बघून घ्या.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद करायची सोय आहे, डॉट ऑर्ग आणि गिअरची साइट या दोन खऱ्या साइट होत्या म्हणून त्यांची केली, बाकीच्यांची गरज नव्हती. गूगल म्हणतं रीडायरेक्ट कमीत कमी एक वर्ष ठेवा. मी म्हणतो जोवर पुस्तिकेची एकही प्रत कुणाच्या टूलबॉक्समध्ये आहे तोवर ठेवा. जुनं डोमेन सोडून दिलं की ते मोकळं होतं, कुणीही घेतं, आणि मग तुमच्या छापलेल्या कोडवरून वाचक कुठे जाऊन पडेल हे तुमच्या हातात राहत नाही. आम्ही पाचही डोमेनांचं नूतनीकरण आपोआप वर ठेवलंय, आणि त्या सूचना अशा मेलवर येतात जी या सहापैकी कुठल्याच डोमेनवर नाही. ज्या तीन नावांवर मेल वापरतच नाही, तिथे एमएक्समध्ये नुसता टिंब आणि एसपीएफमध्ये, म्हणजे या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या ओळीत, वजा ऑल टाकून ठेवलंय, म्हणजे त्या नावाने कुणी खोट्या मेली पाठवल्या तर समोरच्या सर्व्हरला कळतं की इथून मेल जातच नाही.

लाल पानाचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या वाचकाला मी परत लिहिलं, पुन्हा एकदा स्कॅन करून बघाल का. त्याने चेनच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली विचारलं की तिसऱ्या पायरीत लिंकची पिन कुठल्या बाजूने बाहेर काढायची ते फोटोत दिसत नाही. खरंच दिसत नव्हतं. तो फोटो आता बदलायला घेतलाय.